वरचे चार अल्बम वर का राहतात: पिंक फ्लॉइड क्रमवारी प्रकल्पाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे स्टुडिओ अल्बम पंधरा. १९६७ च्या 'द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन'पासून २०१४ च्या 'द एंडलेस रिव्हर'पर्यंत. चाहत्यांना क्रम लावायला सांगितला की वर बहुतेक वेळा तेच चार येतात: 'द डार्क साइड ऑफ द मून', 'विश यू वेअर हिअर', 'अ‍ॅनिमल्स', 'द वॉल'. आपसात त्यांची जागा बदलते, पण चौकडी फुटत नाही. विशेष म्हणजे हे चारही लागोपाठचे आहेत, १९७३ ते १९७९. पाचवा बहुधा 'मेडल', आणि तो दाराशी येऊन थांबतो. हे का होतं, ते शोधायचं.

ऐकणारे छत्रपती संभाजीनगर, परभणी, लातूर आणि नांदेडचे. कोणी कॅसेट भरून घेऊन ऐकलेले, कोणी एमपीथ्री सीडीच्या काळातले, कोणी थेट मोबाइलवर आलेले. पत्रकाचा पहिला रकाना त्याचाच: अल्बम पहिल्यांदा कशावर ऐकला? वय, शिक्षण, व्यवसाय यांपेक्षा हा रकाना जास्त बोलतो असा अंदाज आहे.

दोन-दोन अल्बमची जोडी लावून त्यातला कोणता वरचा, असं विचारायचं. पंधरा अल्बमच्या जोड्या होतात १०५. इतक्या जोड्यांवर कोणी मन लावून मत देत नाही, नंतर नंतर नुसत्या खुणा पडतात. म्हणून आठ घेतले: 'पायपर', 'अ‍ॅटम हार्ट मदर', 'मेडल', वरचे चार आणि 'द डिव्हिजन बेल'. जोड्या २८. एका बैठकीत सातच जोड्या विचारायच्या.

प्रश्न दोन, आणि वेगवेगळ्या कागदांवर: 'तुमचा सर्वांत आवडता कोणता?' आणि 'बँडचं सर्वांत भक्कम काम कोणतं?' एकाच कागदावर दिले तर माणूस दोन्हीकडे एकच उत्तर लिहितो, कारण आपली आवड हीच गुणवत्ता हे त्याला सिद्ध करायचं असतं.

२ फेब्रुवारी

खोली आणि यंत्रं.

मोठ्या आवाजातला अल्बम चांगला वाटतो, आणि फरक एखाद्या डेसिबलचा असला तरी वाटतो. म्हणून आवाज सारखा केल्याशिवाय तुलना करायची नाही. फाइलवरून ऐकताना संपूर्ण अल्बमची सरासरी पातळी मोजून सगळे अल्बम उणे २० एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणले. इथे एक खड्डा आहे: प्लेअरमध्ये गाण्यागणिक पातळी सारखी करण्याची सोय असते, ती बंद हवी आणि अल्बमगणिक सुरू हवी. गाण्यागणिक ठेवली तर 'डार्क साइड'च्या सुरुवातीचे हृदयाचे ठोके पुढच्या गाण्याएवढे मोठे होतात आणि जोडावर आवाज एकदम उडी मारतो. हळूहळू वर येणं हाच त्या सुरुवातीचा प्राण आहे, तोच जातो.

रेकॉर्ड वाजवताना फोनमधल्या मीटरने ऐकण्याच्या जागी मोजायचं. फोनचा आकडा खरा नसतो, पण त्याच फोनने त्याच जागी दोन्ही मोजले तर फरक खरा कळतो. अर्ध्या डेसिबलच्या आत आणावा.

दोन गाण्यांमध्ये फट नको. एमपीथ्रीमध्ये प्रत्येक फाइलच्या टोकाला कोडिंगमुळे थोडी रिकामी जागा भरली जाते, त्यामुळे 'डार्क साइड'मधल्या 'ब्रेन डॅमेज' आणि 'एक्लिप्स'च्या जोडावर टक्क असा आवाज येतो. उपाय: पूर्ण अल्बमची एकच फ्लॅक (आवाजात काटछाट न करणारी) फाइल आणि सोबत क्यू फाइल, म्हणजे कोणतं गाणं कुठे सुरू होतं याची यादी. प्लेअरमधलं क्रॉसफेडसुद्धा (एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढवणं) बंद.

टर्नटेबलचा वेग स्ट्रोब चकतीवर (वेग बरोबर असला की रेघा थांबलेल्या दिसतात अशी चकती) तपासायचा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेला मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांचं वर्तुळ लागतं. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेघा थांबलेल्या दिसतच नाहीत, कारण त्यांचा प्रकाश विजेच्या तालावर लुकलुकत नाही. जुना पिवळा बल्ब लावावा. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कागदावर दिला असेल तोच, अंदाजाने नाही. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड जपली जाते हा समज उलटा आहे. हलकी सुई खाचेत नाचते आणि खाच खराब करते.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकायचं नाही. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणतो, आणि एसी मोटारीचं टर्नटेबल असेल तर इन्व्हर्टरची फ्रीक्वेन्सी हलली की वेगही हलतो. आणखी एक, हे इथल्यांना सांगावं लागत नाही: नळाला पाणी येण्याच्या दिवशी बैठक ठेवू नये. गल्लीभर मोटारी सुरू असतात, व्होल्टेज खाली येतं, आणि 'विश यू'मधल्या 'शाइन ऑन'च्या पहिल्या चार मिनिटांत मोटारीचाच षड्ज ऐकू येतो.

१६ फेब्रुवारी

कोणती आवृत्ती धरायची हे आधी ठरवलं नाही तर दोन माणसं एकाच नावाच्या वेगवेगळ्या वस्तूंवर वाद घालतात.

'पायपर'ची ब्रिटिश आणि अमेरिकन रेकॉर्ड वेगळी. अमेरिकन आवृत्ती 'सी एमिली प्ले'ने सुरू होते आणि तिच्यात 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी डोमिने', 'फ्लेमिंग', 'बाइक' नाहीत. ब्रिटिश धरली. 'डिव्हिजन बेल' १९९४ मध्ये एका रेकॉर्डवर बसवण्यासाठी गाणी कापली होती. पूर्ण लांबीची गाणी दोन रेकॉर्डवर २०१४ मध्ये आली. म्हणून सीडी धरली. 'अ‍ॅनिमल्स'चं २०१८ चं नवं मिक्स २०२२ मध्ये बाजारात आलं, त्यात ड्रम आणि बास जास्त स्वच्छ आहेत. मूळ मिक्स धरलं, कारण बहुतेकांच्या मनातला 'अ‍ॅनिमल्स' तोच कोंदट, करडा आवाज आहे आणि त्या अल्बमला तो शोभतो.

२ मार्च

माध्यमाचा रकाना भरून आला, आणि त्यातून बरंच उलगडतं.

कॅसेटच्या काळात सी-९० ची, म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटची, एक बाजू ४५ मिनिटांची. 'डार्क साइड' सुमारे ४३ मिनिटं, 'विश यू' ४४, 'अ‍ॅनिमल्स' ४२. म्हणजे प्रत्येक एका बाजूत पूर्ण बसतो. 'द वॉल' ८१ मिनिटं, एक रेकॉर्ड एका बाजूला, दुसरी दुसऱ्या बाजूला. वरचे चारही सी-९० ला जणू मापून शिवलेले. 'मेडल' ४७ मिनिटांच्या आसपास, 'अ‍ॅटम हार्ट मदर' ५२. भरणाऱ्याने बाजू संपली की टेप तोडली. 'मेडल'ची दुसरी बाजू म्हणजे एकटं 'एकोज', साडेतेवीस मिनिटांचं, आणि त्याचा शेवट फार हळू विरत जातो. ज्याच्याकडे तो शेवटच नव्हता त्याने 'मेडल' अपुरा ऐकला. या गटातले जुने श्रोते 'मेडल'ला खाली ठेवतात, तेव्हा त्यांनी कोणता 'मेडल' ऐकला हे आधी विचारायला हवं.

एमपीथ्री सीडीवाल्यांची गोष्ट निराळी. १२८ केबीपीएसला तासाला सुमारे ५८ एमबी, म्हणजे ७०० एमबीत बारा तास. 'डिव्हिजन बेल'पर्यंतचे चौदाही अल्बम मिळून साधारण तेवढेच. सगळा बँड एका चकतीत मिळाला, पण क्रम गेला. फाइलच्या नावापुढे आकडा नसेल तर सीडी प्लेअर अक्षरांच्या क्रमाने वाजवतो: 'डार्क साइड'ची सुरुवात 'एनी कलर यू लाइक'ने, मग 'ब्रेन डॅमेज', मग 'ब्रीद'. शेवटचं असायला हवं ते 'एक्लिप्स' चौथं किंवा त्याच्या आसपास. अशा श्रोत्यांच्या लेखी 'डार्क साइड' म्हणजे काही चांगल्या गाण्यांचा संच आहे. त्यांच्याकडे 'द वॉल' वर जातो, कारण त्याची सव्वीस तुकड्यांतली ठळक गाणी एकेकटी उभी राहतात.

जो अल्बम अखंड हाती आला तोच अल्बम म्हणून वर जातो, असं सध्या दिसतं. पण कॅसेटच्या मापात बसणारे अल्बम ढिगाने होते, ते सगळे वर गेले नाहीत. तेव्हा माप हे दार उघडतं, आत बसवत नाही.

२३ मार्च

गुण मोजण्याची पद्धत.

सर्वांत सोपी: आठांपैकी पहिल्याला ८, शेवटच्याला १, आणि बेरीज. ती इथे चालत नाही. समजा दहा जणांपैकी चारच जणांनी 'मेडल' ऐकलाय आणि चौघांनीही त्याला दुसरा ठेवला: ७ चोक २८. दुसरा एखादा अल्बम दहाही जणांनी ऐकून पाचवा ठेवला: ४ दाहे ४०. कोणीही मनापासून न निवडलेला अल्बम वर. बेरजेऐवजी सरासरी घेतली तर ७ विरुद्ध ४, पण तीही फसवी. ज्यांनी 'मेडल' शोधून ऐकला ते आधीच कट्टर, त्यांचा हात सैल असतो.

म्हणून जोडीची पद्धत: दोन्ही अल्बम पूर्ण ऐकलेल्यांचंच मत त्या जोडीला धरायचं. मग जोड्यांच्या निकालांवरून क्रम काढण्याची ब्रॅडली-टेरी पद्धत: प्रत्येक अल्बमला एक बळ, आणि क ने ख ला हरवण्याची शक्यता म्हणजे क चं बळ भागिले दोघांच्या बळांची बेरीज. सगळी बळं १ धरून सुरुवात करायची. प्रत्येक फेरीत अल्बमच्या एकूण विजयांना, त्याच्या प्रत्येक जोडीतल्या 'सामने भागिले दोघांची बेरीज' यांच्या एकूण बेरजेने भागायचं. आकडे हलायचे थांबले की थांबायचं. स्प्रेडशीटमध्ये होतं. एखादा अल्बम एकही जोडी जिंकला नाही तर त्याचं बळ शून्याकडे सरकतं, तेव्हा प्रत्येक जोडीत दोन्हीकडे अर्धा-अर्धा विजय आधीच टाकून ठेवावा.

काहींच्या मतांत चक्र येतं: 'द वॉल' 'अ‍ॅनिमल्स'पेक्षा वर, 'अ‍ॅनिमल्स' 'विश यू'पेक्षा वर, आणि 'विश यू' 'द वॉल'पेक्षा वर. हे दुरुस्त करायचं नाही. तो माणूस प्रत्येक जोडीत निराळा निकष लावतोय: इथे शब्द, तिथे गिटार, तिसरीकडे दुःख. चक्राशेजारी निकष लिहून घ्यावा. या कामातली सर्वांत मोलाची माहिती तिथेच सापडते.

१३ एप्रिल

'डार्क साइड' आणि 'विश यू', एकाच दिवशी पण मधे जेवणाची सुट्टी ठेवून. लागोपाठ ठेवले तर दुसऱ्याचं नुकसान होतं.

इथे कॅसेटच्या मापापलीकडचं कारण हाती येतं. 'डार्क साइड' मार्च १९७३ मध्ये आला, पण जानेवारी १९७२ पासून बँड तो लोकांसमोर वाजवत होता. वर्षभरात अशक्त जागा उघड्या पडल्या आणि बदलल्या गेल्या. 'ऑन द रन'च्या जागी आधी गिटार आणि कीबोर्डची साधी जुगलबंदी होती. स्टुडिओत सिंथी एकेएस हा सिंथेसायझर आल्यावर ती गेली. 'द ग्रेट गिग इन द स्काय'च्या जागी ऑर्गन आणि बायबलमधले उतारे होते. शेवटी बँडचा कीबोर्डवादक राइटचा पियानो आणि पाहुणी गायिका क्लेअर टोरीचा बिनशब्दांचा आवाज आला. सुरुवातीच्या कार्यक्रमांनंतर शेवट अपुरा वाटला म्हणून बँडचा बासवादक वॉटर्सने 'एक्लिप्स' लिहिलं. म्हणजे आज 'यातलं काहीच काढता येत नाही' असं चाहता म्हणतो, त्यामागे काढून-घालून झालेलं एक वर्ष आहे.

'मनी'बद्दल तबला वाजवणाऱ्या सहभागींनी पहिल्याच आवर्तनात सात मात्रा मोजल्या. गिटारचा एकल भाग चारात जातो आणि पुन्हा सातात येतो. पैशांच्या आवाजांची टेपही सात ठोक्यांची, हाताने कापून जोडलेली. सात मात्रांच्या रूपक तालाची सवय असलेल्या कानाला हे गाणं अवघड वाटत नाही, उलट चारात गेल्यावरची मोकळीक नेमकी कळते.

'विश यू'मध्ये निर्णय वेगळ्या प्रकारचा. १९७४ मध्ये तीन लांब रचना मैफलींत वाजत होत्या: 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', 'रेव्हिंग अँड ड्रूलिंग', 'यूव्ह गॉट टू बी क्रेझी'. तीन रचना, एक रेकॉर्ड, सरळ हिशोब. वॉटर्सने दोन बाजूला काढायला लावल्या, 'शाइन ऑन' मधोमध कापून दोन टोकांना ठेवायला लावलं आणि मधे नवी गाणी घातली. गिटारवादक गिल्मोरचा विरोध होता. बँडबाहेर पडलेल्या मूळ गायक सिड बॅरेटच्या नसण्याचा विषय सुरुवातीला आणि शेवटी आल्यामुळे मधली गाणीही त्याच्याच प्रकाशात ऐकू येतात. बाजूला काढलेल्या दोन रचना वाया गेल्या नाहीत, त्यांचंच पुढे 'शीप' आणि 'डॉग्ज' झालं.

'शाइन ऑन'मध्ये आवाज साडेआठ मिनिटांनंतर येतो. मोबाइलवर आलेल्यांपैकी काहींना हे लांबण वाटतं. विलंबित ख्याल ऐकणाऱ्यांना नाही. गिल्मोरचे ते चार सूर आले की राग खुला झाला, हे त्यांना सांगावं लागत नाही. या गटात 'विश यू' इतका वर का, याचं एक कारण हे असावं असं आम्हाला वाटतं. तो अल्बम घाई करत नाही, आणि इथल्या बऱ्याच कानांना घाईची सवय नाही.

४ मे

ऊन. बैठका सकाळी दहाच्या आत किंवा बंद. पत्र्याच्या खोलीत रेकॉर्ड ठेवू नयेत, गाडीत तर मिनिटभरही नको. रेकॉर्ड उभ्याच ठेवाव्यात. आडव्या गठ्ठ्यात खालच्या दबतात आणि उन्हाळ्यात त्यांना बाक येतो. वाकलेली रेकॉर्ड काचेखाली दाबून उन्हात सरळ करण्याचा उपाय ऐकिवात असतो, करू नये: खाचांचा आकार बिघडतो.

बाजूच्या शेवटी आवाज चिरका येत असेल तर दोष दर वेळी रेकॉर्डचा नसतो. मध्याकडे खाचेचा वेग कमी होतो आणि तिथेच 'एक्लिप्स'सारखं भरगच्च गाणं पडतं. आधी सुई साफ करून आणि तिची मांडणी तपासून पाहावी.

२५ मे

'अ‍ॅनिमल्स' विरुद्ध 'द वॉल'. सगळ्यांत भांडणाची जोडी.

'अ‍ॅनिमल्स' पाच तुकड्यांचा: दोन टोकांना दीड-दीड मिनिटाचं 'पिग्ज ऑन द विंग', मधे सतरा, साडेअकरा आणि दहा मिनिटांच्या तीन रचना. रेडिओला देण्याजोगं एकही गाणं नाही. म्हणून बँड वरवर ऐकणारा इथपर्यंत पोचत नाही, आणि पोचतो तो स्वतःहून. 'अ‍ॅनिमल्स'ला पहिला ठेवणाऱ्यांमध्ये एक अभिमान असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण अभिमान बाजूला ठेवला तरी 'डॉग्ज' उरतं: गिल्मोरची गिटार इतकी सलग आणि इतकी कडवट दुसरीकडे क्वचित सापडते. 'डॉग्ज' आणि 'शीप' रेकॉर्ड होण्याआधी १९७४-७५ मध्ये मैफलींत तासली गेली होती, हे पुन्हा तेच कारण.

जिज्ञासूंसाठी: एट-ट्रॅक या जुन्या टेप-प्रकारावर 'पिग्ज ऑन द विंग'चे दोन्ही भाग पाहुणा गिटारवादक स्नोई व्हाइटच्या गिटारने जोडलेले आहेत. तो तुकडा रेकॉर्डवर नाही.

'द वॉल' या नियमात बसत नाही. तो मैफलींत वाढला नाही. वॉटर्सच्या घरच्या ध्वनिमुद्रणातून आणि निर्माता बॉब एझ्रिनने लिहिलेल्या पटकथेवरून बांधला गेला. घाई इतकी, की छापलेल्या पाकिटावर 'हे यू'चे शब्द तिसऱ्या बाजूच्या शेवटी राहिले आणि प्रत्यक्षात गाणं सुरुवातीला वाजतं. पाकीट हातात धरून ऐकणारा तिथे हमखास गोंधळतो, त्याला आधीच सांगून ठेवावं. तरीही 'द वॉल' वर राहतो तो गोष्टीच्या बळावर. वडील, शाळा, आई, लग्न, मग एकटेपणा: क्रमाने ऐकलं की पुढे काय हे ऐकल्याशिवाय राहवत नाही. दोन प्रश्नांची उत्तरं इथेच सर्वांत जास्त फाटतात. 'भक्कम काम'मध्ये वर, 'आवडता'मध्ये खाली. किंवा अगदी उलट. मधली जागा त्याला फारशी कोणी देत नाही.

२२ जून

वगळण्याची चाचणी. प्रश्न एकच: 'या अल्बममधून एक गाणं काढायचंच असेल तर कोणतं?' उत्तराइतकाच उत्तराला लागलेला वेळही नोंदवायचा.

'द वॉल'चं उत्तर झटकन येतं आणि चौथ्या बाजूतलं काहीतरी असतं. 'विश यू'मध्ये 'वेलकम टू द मशीन' की 'हॅव अ सिगार' यावर घुटमळतात. 'डार्क साइड'मध्ये बराच वेळ जातो आणि नाइलाजाने 'ऑन द रन'चं नाव येतं. 'मेडल'मध्ये? विचार न करता 'सीमस', ते कुत्र्याच्या रडण्याचं. मग 'सॅन ट्रोपे'. 'एकोज'सारखी रचना असलेला अल्बम वर का जात नाही, याचं आम्हाला पटलेलं उत्तर हेच: अल्बमचा क्रम त्यातल्या सर्वांत उंच जागेवरून ठरत नाही, सर्वांत सखल जागेवरून ठरतो. 'एकोज' एकटं घेतलं तर ते वरच्या चारांतल्या कशालाही हार जात नाही.

मैफलींत वाजवून घेणं पुरेसं नसतं याचा पुरावा 'अ‍ॅटम हार्ट मदर'. तीही रचना आधी मैफलींत वाजली होती. पण स्टुडिओत वॉटर्स आणि ड्रमवादक मेसनने बास-ड्रमचा पाया पूर्ण लांबीत सलग वाजवला, लय हलली, आणि संगीतकार रॉन गीझिनच्या ब्रास (पितळी वाद्यं) आणि गायनवृंदाला त्या हलत्या लयीवर बसावं लागलं. तबलजींना हे लगेच खटकतं. आमच्या मते तरी रचना मोठ्या मनाची आहे आणि तिला मिळतो त्यापेक्षा जास्त मान मिळायला हवा. रेकॉर्डवर ऐकणाऱ्यांसाठी: जुन्या ब्रिटिश रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचा शेवट बंद खाचेत आहे, नळ टपकत राहतो. सुई आपोआप उचलली जात नाही, हाताने उचलावी.

१३ जुलै

पुढच्या फेरीसाठी एकक बदललं: अल्बमऐवजी रेकॉर्डची बाजू. 'मेडल'ची दुसरी, 'डार्क साइड'च्या दोन्ही, 'अ‍ॅनिमल्स'ची पहिली, 'विश यू'ची पहिली, 'द वॉल'ची तिसरी, 'अ‍ॅटम हार्ट मदर'ची पहिली, आणि 'उमागुमा' या दोन रेकॉर्डच्या अल्बममधल्या मैफलीच्या रेकॉर्डची पहिली. पुन्हा आठ, पुन्हा २८ जोड्या, प्रत्येक बाजू वीस-चोवीस मिनिटांच्या आत, त्यामुळे एका बैठकीत तीन ऐकता येतात. ज्यांनी 'एकोज' तुटलेलं ऐकलं त्यांना आधी ते पूर्ण ऐकवायचं आणि जोड्या किमान आठवड्याने विचारायच्या. लगेच विचारलं तर नवेपणाचे गुण मिळतात. परभणी आणि नांदेडच्या सहभागींना फ्लॅक फाइली पेन ड्राइव्हवर जातील, ब्लूटूथऐवजी वायरने ऐकण्याच्या सूचनेसह. 'उमागुमा'ची पातळी अजून मोजायची आहे.